६० किलोच्या कुत्र्याला २० किलोचं औषध पुरत नाही : गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायच्या औषधाची संपूर्ण माहिती

वर्धा : वावरात रानडुक्कर आणि रोह्यांची जागल असो, की घरी रात्रीची राखण, कुत्रा हा कास्तकाराचा जुना सोबती आहे. सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी या तालुक्यांतल्या जंगलाला लागून असलेल्या गावांत, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठच्या गावांत तर कुत्र्याशिवाय जागलीला जायची हिंमत होत नाही. गावठी कुत्र्याचं वजन साधारण १५ ते २० किलो. पण आता बऱ्याच घरी जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड किंवा त्यांच्या संकरातली धिप्पाड कुत्री दिसतात. ४० किलोच्या पुढची, काही तर ६०-७० किलोची. कुत्रं मोठं झालं, पण त्याच्या अंगावरच्या गोचिडीचा इलाज अजून गावठी कुत्र्याच्याच मापाने होतो. कुठे अर्धवट औषध पडतं, तर कुठे कपाशीवर फवारायचं औषध थेट कुत्र्याच्या अंगावर जातं. पहिल्यात पैसा वाया जातो, दुसऱ्यात कुत्र्याचा जीव जातो. म्हणून मोठ्या कुत्र्यासाठी मानेवर टाकायचं औषध कोणतं, किती आणि कसं वापरायचं, याची सविस्तर माहिती इथे देत आहोत.

गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

कुत्र्याच्या अंगावर दिसणारी तपकिरी गोचीड आयुष्याचा फार थोडा काळ कुत्र्यावर असते. तिचं चक्र असं चालतं. रक्त पिऊन टरारलेली मादी कुत्र्यावरून खाली पडते. भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे, बाजेच्या पायाजवळ जाऊन अंडी घालते. एक मादी ४ हजारांपर्यंत अंडी घालू शकते. अंड्यातून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, पुन्हा खाली पडतात. कात टाकून थोडी मोठी होतात, पुन्हा चढतात, पुन्हा पडतात. तिसऱ्या वेळी पूर्ण वाढलेली गोचीड चढते. म्हणजे एकाच आयुष्यात ती तीनदा कुत्र्यावर येते आणि तीनदा घरात, गोठ्यात उतरते.

पूर्ण वाढलेली गोचीड रक्ताशिवाय वर्षभरही जगू शकते. म्हणूनच "मागच्या साली सगळ्या काढल्या होत्या, पुन्हा कुठून आल्या?" हा प्रश्न दर पावसाळ्यात पडतो. त्या बाहेरून आलेल्या नसतात, भिंतीतच बसून असतात.

पिसवांचंही तसंच. पिसू कुत्र्यावर राहते, पण तिची अंडी खाली गळतात. पोत्यात, गोधडीत, मातीत अळी होते, मग कोष होतो. कोषातली पिसू कित्येक महिने थांबून राहते आणि जवळ हालचाल किंवा ऊब जाणवली की बाहेर उडी घेते. बंद पडलेलं घर किंवा खोली उघडल्यावर पायाला एकदम पिसवा चावतात, त्याचं कारण हेच.

त्रास खाजेपुरता नसतो

गोचीड रक्त पिताना कुत्र्याच्या रक्तात रोगजंतू सोडते. आपल्याकडे पशुवैद्यकीय डॉक्टरांना नेहमी दिसणारे दोन आजार म्हणजे एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस. यांना साध्या भाषेत "गोचीड ताप" म्हणतात. लक्षणं अशी :

- कुत्रं अचानक जेवण सोडतं, सुस्त पडतं, अंग तापतं.
- हिरड्या पांढुरक्या पडतात. ओठ उचलून पाहिलं तर लगेच कळतं.
- नाकातून रक्त येतं, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसतात.
- लघवी लाल किंवा काळ्या चहासारखी होते.
- डोळे, हिरड्या पिवळ्या होतात.
- मागचे पाय लटपटतात, वजन झपाट्याने उतरतं.

यातलं एकही लक्षण दिसलं तर मानेवरचं औषध टाकून वाट पाहत बसू नये. ते औषध गोचीड मारतं, रक्तातला जंतू मारत नाही. डॉक्टर रक्ताची काच तपासून आजार ओळखतात. एर्लिकिओसिसला डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवडे चालतो. पाचव्या दिवशी कुत्रं जेवायला लागलं म्हणून गोळ्या बंद केल्या तर आजार उलटतो.

पिसवांमुळे खाज आणि केसगळती होतेच, शिवाय पट्टकृमीही होतात. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि तिच्या पोटातला जंत कुत्र्याच्या पोटात जातो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते हेच समजावं.

मानेवर टाकायचं औषध म्हणजे काय?

दुकानात याला "स्पॉट-ऑन" म्हणतात. छोट्या प्लास्टिकच्या नळीत, म्हणजे पिपेटमध्ये मोजून भरलेलं पातळ औषध असतं. ते दोन खांद्यांच्या मधोमध कातडीवर टाकतात. बहुतेकांत फिप्रोनिल हा घटक असतो. त्याच्या जोडीला एस-मिथोप्रिन असेल तर पिसवांची अंडी आणि अळ्याही वाढत नाहीत.

फिप्रोनिल रक्तात शिरून काम करत नाही. ते कातडीवरच्या नैसर्गिक तेलात मिसळतं आणि एक-दोन दिवसांत मानेपासून शेपटीपर्यंत पसरतं. केसांच्या मुळाशी असलेल्या तेलाच्या ग्रंथींत ते साठतं आणि तिथून हळूहळू बाहेर येत राहतं. गोचीड किंवा पिसू अंगावर आली की औषधाचा तिच्या मज्जासंस्थेवर परिणाम होऊन ती मरते. पिसवा साधारण २४ तासांत, गोचीड ४८ तासांत. गोचिडीवर असर चार आठवड्यांच्या आसपास टिकतो.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. एक, औषध टाकलं की त्याच दिवशी सगळ्या गोचिडी गळून पडत नाहीत, दोन दिवस थांबावं लागतं. मेलेली गोचीडही काही काळ चिकटून राहू शकते. दोन, औषध तेलात साठतं. त्यामुळे टाकण्याआधी दोन दिवस आणि टाकल्यावर दोन दिवस कुत्र्याला आंघोळ घालू नये. साबणाने तेल धुतलं गेलं तर औषधाला पसरायला वाटच राहत नाही.

मोठ्या कुत्र्याचा हिशेब

खरी चूक इथे होते. पिपेट वजनगटाप्रमाणे येतात आणि गट मोठा तशी किंमत वाढते. दुकानदाराकडे जी पिपेट असेल ती घेतली जाते, नाहीतर स्वस्तातली. फिप्रोनिल आणि एस-मिथोप्रिन असलेल्या फ्रंटलाइन प्लससारख्या औषधात कुत्र्यांसाठी चार गट आहेत :

- १० किलोपर्यंत : ०.६७ मिली
- १० ते २० किलो : १.३४ मिली
- २० ते ४० किलो : २.६८ मिली
- ४० ते ६० किलो : ४.०२ मिली

आता हिशेब करून पाहा. ६० किलोच्या कुत्र्याला ४.०२ मिली औषध लागतं. त्याला गावठी कुत्र्याची १.३४ मिलीची पिपेट टाकली तर बरोबर तिसरा हिस्सा औषध मिळालं. ५५ किलोच्या रॉटवायलरला २० ते ४० वाली पिपेट टाकली तरी गरजेच्या पाऊणपट औषधही पडत नाही. एवढ्याशा औषधाने काही गोचिडी मरतात, काही जगतात, आणि मालक म्हणतो की औषध डुप्लिकेट होतं. औषध खरं होतं, माप खोटं होतं.

६० किलोच्या वरच्या कुत्र्याला एक मोठी पिपेट पुरत नाही. अशा वेळी ४० ते ६० किलोची एक पिपेट आणि उरलेल्या वजनाची दुसरी पिपेट, अशा दोन मिळून वापरतात. ७२ किलोच्या कुत्र्याला एक ४.०२ मिलीची आणि वरच्या १२ किलोसाठी १० ते २० गटातली १.३४ मिलीची. दोन्ही पिपेट एकाच कंपनीच्या, एकाच औषधाच्या असाव्या. दोन वेगळी औषधं एकत्र टाकू नये.

उलटी चूकही होते. एक मोठी पिपेट आणून ती घरच्या दोन-तीन लहान कुत्र्यांना अंदाजे वाटून टाकतात. त्यात कोणाला जास्त, कोणाला कमी पडतं. प्रत्येक कुत्र्याची पिपेट वेगळी घ्यावी.

वजन कसं करायचं?

नजरेच्या अंदाजावर जाऊ नये. केसाळ कुत्रं असतं त्यापेक्षा जाड दिसतं आणि आखूड केसांचं हलकं वाटतं. आपला जिल्हा कापसाचा आहे, गावात कुठे ना कुठे प्लॅटफॉर्मचा वजनकाटा असतोच. कापूस व्यापाऱ्याकडे, धान्याच्या दुकानात, दूध संकलन केंद्रावर विचारावं.

मोठं कुत्रं एकटं काट्यावर उभं राहत नसेल तर मालकाने त्याला साखळीने धरून दोघांनी मिळून काट्यावर उभं राहावं. मग मालकाचं एकट्याचं वजन घ्यावं आणि वजा करावं. दोघांचं मिळून १२४ किलो भरलं आणि मालक ६६ किलोचा, तर कुत्रं ५८ किलोचं. काटा मोठा असेल तर कुत्र्याला उचलायची गरज नाही. वाढत्या वयाच्या पिल्लाचं वजन दर महिन्याला करावं. मोठ्या जातीचं पिल्लू महिन्याभरात एका गटातून दुसऱ्या गटात जातं.

टाकायची पद्धत

१. संध्याकाळी, काम आटोपल्यावर टाकावं. कुत्र्याला बांधून उभं करावं, एकाने डोकं धरावं. मोठं कुत्रं झटका देतं, म्हणून एकट्याने करू नये.

२. हातात रबरी किंवा प्लास्टिकचे मोजे घालावे. मोजे नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी.

३. दोन्ही खांद्यांच्या मधली, मानेच्या बुडाची जागा बघावी. तिथे कुत्र्याची जीभ पोचत नाही. केस बाजूला करून कातडी उघडी करावी.

४. पिपेटचं तोंड कातडीला टेकवून औषध पिळावं. औषध केसांवर पडलं तर ते केसांवरच वाळतं, कामाला येत नाही.

५. मोठ्या कुत्र्याला औषध जास्त असतं. सगळं एकाच जागी ओतलं तर बाजूने ओघळून खाली जातं. लेबलवर सांगितलं असेल त्याप्रमाणे पाठीच्या कण्यावर दोन-तीन ठिकाणी विभागून टाकावं. फार मागे, शेपटीजवळ टाकू नये, तिथे कुत्रं चाटतं.

६. औषध वाळेपर्यंत हात लावू नये. घरी दोन कुत्री असतील तर रात्रभर वेगळी बांधावी, नाहीतर एक दुसऱ्याला चाटतं. लहान पोरांनी त्या रात्री कुत्र्याजवळ झोपू नये.

७. या औषधात पेट घेणारा द्रव असतो. चुलीजवळ, शेगडीजवळ किंवा बिडी पेटवून औषध टाकू नये.

८. हात साबणाने धुवावे. रिकामी पिपेट नाल्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर फेकू नये.

तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पुढची पिपेट चार आठवड्यांनंतरच, त्याआधी नाही. पावसाळा लागण्याआधी सुरू करून दिवाळीच्या पुढेपर्यंत दर महिन्याला टाकलं तर मोठा त्रास आटोक्यात राहतो. घरात जुनी गोचीड असेल तर वर्षभर ठेवावं लागतं.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला हे औषध टाकू नये. गाभण, पिल्लांना पाजणारी, आजारी किंवा अशक्त कुत्री असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

नाव एकच, पण औषध एक नाही

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फिप्रोनिल हे नाव कास्तकाराला नवं नाही. कृषी केंद्रात ५ टक्के फिप्रोनिलची बाटली मिळते, ती फवारणीसाठी असते. इमिडाक्लोप्रिडही तसंच. कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी १७.८ टक्क्यांचं इमिडाक्लोप्रिड घरोघरी माहीत आहे आणि कुत्र्यांच्या काही स्पॉट-ऑनमध्येही इमिडाक्लोप्रिड असतं. मग मनात येतं, कुत्र्याची पिपेट काहीशे रुपयांची, आणि घरी तर अर्धी बाटली पडून आहे, तीच का नाही टाकायची?

टाकायची नाही, कारण मुख्य घटक सारखा असला तरी बाकी सगळं वेगळं असतं. पिकाच्या औषधात ते पाण्यात मिसळावं, पानाला चिकटावं म्हणून जे द्रावक आणि रसायनं घालतात, ती जनावराच्या कातडीसाठी तपासलेली नसतात. त्यांनी कातडी भाजते, डोळे जातात, चाटल्यावर पोटात जातात. शिवाय किती घ्यायचं याचं मापच नसतं. झाकणाने अंदाजे ओतलं की डोस कितीपट झाला हे कळायला मार्ग नाही. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं तर त्याहून जहाल. ती कुत्र्याच्या अंगाला लावणं म्हणजे त्याला विष पाजण्यासारखंच आहे. मोठं कुत्रं धिप्पाड आहे म्हणून त्याला विष पचत नाही.

कातडीतून विष शिरतं, हे विदर्भाला कोणी नव्याने सांगायला नको. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत २० हून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. माणूस अंगावरचे कपडे काढू शकतो, अंग धुऊ शकतो. कुत्रं तेच औषध जिभेने चाटून घेतं.

चुकून असं औषध लागलंच, किंवा कोणतंही औषध टाकल्यावर कुत्र्याच्या तोंडातून सारखी लाळ गळू लागली, अंग थरथरलं, झटके आले, पाय वाकडे पडू लागले, तर लगेच साध्या साबणाने आणि भरपूर पाण्याने अंग धुवावं. धुताना हातात मोजे असावे. दूध, तेल, लिंबू असं काहीही पाजू नये. औषधाची बाटली किंवा खोकं सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं. नाव कळलं तर उपचार लवकर सुरू होतो.

मांजर, गाय, कोंबडी, मासे

घरात एकटा कुत्रा नसतो, म्हणून या चार गोष्टी पाळाव्या.

*मांजर :* कुत्र्यांच्या काही स्पॉट-ऑनमध्ये परमेथ्रिन असतं. ते कुत्र्याला चालतं, पण मांजरीला जीवघेणं ठरतं. घरात मांजर असेल आणि ती कुत्र्याजवळ झोपत असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध घेऊच नये. दुकानातच विचारावं.

*गाय-म्हैस-शेळी :* कुत्र्याची उरलेली पिपेट ढोरांवर टाकू नये. दूध आणि मटण देणाऱ्या जनावरांसाठी ती नाही. गवळाऊ असो की संकरित, ढोरांच्या गोचिडीसाठी फ्लुमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी वेगळी औषधं आहेत, त्यांचं माप आणि दूध किती दिवस वापरायचं नाही ते डॉक्टर सांगतात. त्याच्या उलट, ढोरांच्या पाठीवर ओतायचं औषध कुत्र्यावर ओतू नये. ढोरांची गोचीड आणि कुत्र्याची तपकिरी गोचीड या बहुतेक वेळा वेगळ्या जातीच्या असतात, म्हणून एकाचा इलाज केला तर दुसऱ्याचा आपोआप होत नाही.

*कोंबडी :* २०१७ मध्येच नेदरलँड्समध्ये कोंबड्यांच्या खुराड्यातल्या किड्यांसाठी फिप्रोनिल वापरलं गेलं आणि ते अंड्यांत उतरलं. युरोपातल्या अनेक देशांच्या बाजारातून लाखो अंडी मागे घ्यावी लागली. अंगणातल्या कोंबड्या गोचिडी टिपून खातात, ते चांगलंच. पण खुराड्यात किंवा कोंबडीवर हे औषध वापरू नये.

*मासे :* फिप्रोनिल आणि परमेथ्रिन दोन्ही माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना विषारी आहेत. औषध टाकल्यावर निदान दोन दिवस कुत्र्याला शेततळ्यात, नाल्यात, धरणाच्या पाण्यात उतरू देऊ नये. मत्स्यपालनाचं शेततळं असेल तर जास्तच जपावं.

फवारा, गोळी, पट्टा

मानेवरच्या औषधाशिवाय दुसरे पर्यायही आहेत. कुत्रं मोठं असलं की त्यांचाही हिशेब बदलतो.

फिप्रोनिलचा ०.२५ टक्के फवारा मिळतो. त्याचं माप आखूड केसांच्या कुत्र्याला किलोमागे ३ मिली आणि लांब केसांच्या कुत्र्याला ६ मिलीपर्यंत. म्हणजे ५० किलोच्या कुत्र्याला १५० ते ३०० मिली. १०० मिलीची बाटली अंगभर शिंपडून काम झालं असं समजणारे मालक पुरेसं औषध टाकत नाहीत. अगदी लहान पिल्लांना पिपेट चालत नाही, तिथे मात्र हा फवारा डॉक्टरांच्या सल्ल्याने उपयोगी पडतो.

तोंडाने द्यायच्या गोळ्याही आहेत. अफोक्सोलेनरची गोळी महिनाभर, फ्लुरालेनरची साधारण तीन महिने काम करते. रोज वावरात, पाण्यात फिरणाऱ्या कुत्र्याला गोळी सोयीची, कारण ती धुतली जात नाही. पण तिथेही वजनगट पाहूनच घ्यावी लागते, आणि ज्या कुत्र्याला आधी कधी झटके आले असतील त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

औषधी पट्टा मोठ्या कुत्र्याच्या लांबीचा घ्यावा आणि दोन बोटं जातील एवढा सैल बांधावा. पोरं कुत्र्याशी खेळत असतील तर पट्टा त्यांच्या तोंडात जाणार नाही हे बघावं.

आयव्हरमेक्टिनचं ढोरांचं इंजेक्शन कुत्र्याला टोचण्याची सवय काही ठिकाणी आहे. ढोरांसाठी असलेल्या त्या तीव्र औषधाचा डोस जरा चुकला तर कुत्रं बेशुद्ध पडतं, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना तर थोडंही घातक ठरतं. घरच्या घरी टोचू नये.

घर आणि गोठा साफ केल्याशिवाय उपयोग नाही

कुत्र्यावर औषध टाकलं आणि भिंत तशीच ठेवली तर नवीन गोचीड चढतच राहील. म्हणून त्याच दिवशी ही कामं करावी :

- कुत्र्याचं पोतं, गोधडी कडक पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवावी. फाटकं पोतं जाळून टाकावं.
- भिंतीच्या भेगा, फरशीचे सांधे माती-सिमेंटने बुजवावे आणि चुना मारावा.
- कुत्रं बांधतो ती जागा, खुंट्याभोवतीची माती खरडून दूर न्यावी.
- बाज, दाराची चौकट, लाकडी खांब यांच्या फटी तपासाव्या.
- भिंतीवर फवारायचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्यावं. फवारताना जनावरं, कोंबड्या, पोरं बाहेर काढावी, पाण्याचं टाकं आणि चारा झाकावा.
- जाळाने भिंत भाजायची असेल तर पराटी, कुटार, कडबा आधी दूर करावा. आग लागायला वेळ लागत नाही.

हाताने काढताना

मोठ्या कुत्र्याच्या घड्यांत गोचीड लपून बसते. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली आणि गळ्याच्या लोंबत्या कातडीत रोज हात फिरवावा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, मुरडू नये. नखाने फोडू नये, तिच्या रक्तातला जंतू माणसाच्या जखमेतून आत जाऊ शकतो. साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकावी. रॉकेल, डिझेल, जळकं ऑइल, तंबाखूचं पाणी लावणं किंवा बिडीने चटका देणं, याने कातडी भाजते आणि चिडलेली गोचीड उलट जास्त लाळ सोडते. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर महिना निघत नाही.

माणसालाही धोका

कुत्र्याची तपकिरी गोचीड माणसालाही चावते आणि तिच्यापासून "इंडियन टिक टायफस" नावाचा ताप होऊ शकतो. विदर्भात लहान मुलांमध्ये असे आजार आढळल्याची नोंद अकोल्याच्या बालरोग तज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकात केलेली आहे. कुत्रं घरी आहे, घरात गोचीड आहे आणि पोराला चार-पाच दिवस ताप असून अंगावर, तळहात-तळपायावर पुरळ उठले, तर डॉक्टरांना "घरी गोचीड आहे" हे स्वतःहून सांगावं. योग्य औषध वेळेवर मिळालं तर हा आजार बरा होतो. उशीर केला तर जिवावर बेततो.

कुठे जायचं?

गावाजवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांवरही उपचार होतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. रक्ततपासणी किंवा गंभीर आजारासाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय जवळ पडतं. माणसाला विषबाधा झाली तर १०८ वर फोन करावा. कुत्र्याला दवाखान्यात नेलंच आहे तर रेबीजची लसही त्याच वेळी टोचून घ्यावी.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आधी वजन, मग पिपेट. अंदाज नको.
- ४० ते ६० किलोला ४.०२ मिली, ६० च्या वर दोन पिपेट.
- कातडीवर टाका, केसांवर नको. दोन दिवस आधी-नंतर आंघोळ नको.
- शेतातलं औषध कुत्र्यावर नको, कुत्र्याचं औषध ढोरांवर नको.
- घरात मांजर असेल तर परमेथ्रिन नको.
- कुत्र्यासोबत त्याची जागाही साफ करा.
- हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त किंवा लाल लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

(सूचना : ही माहिती सर्वसाधारण आहे. कोणतंही औषध वापरण्याआधी खोक्यावरची माहिती वाचावी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.)